आक्कांची कौदी आणि तीन हजारांचं पाकीट

पत्र थोडक्यात

सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या ४६ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अक्षय्य तृतीयेला जुळे सोलापुरातल्या त्यांच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये' असं ठळक छापलं होतं. तरी मोठ्या नणंदबाई, ज्यांना सगळे आक्का म्हणतात, हातानं शिवलेली कौदी, म्हणजे जुन्या साड्यांची गोधडी, घेऊन आल्या. आक्का शहराच्या पूर्व भागात राहतात आणि घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात. पैसे पीसवर मिळतात. पत्रलेखिकेनं मनातल्या मनात हिशेब केला: दोरा, अस्तर, महिनाभर रात्रीची दोन-दोन तास बैठक. पाहुणे गेल्यावर त्यांनी आक्कांच्या हातात ३,००० रुपयांचं पाकीट दिलं. 'तुमच्या मेहनतीचे आहेत, नाही म्हणू नका.' आक्का 'बरं' म्हणाल्या आणि गेल्या. त्याला दीड महिना झाला. त्या घरी आलेल्या नाहीत, फोनवर 'हं, हं' एवढंच. पती म्हणतात, तिला गरज आहे, दिलंस ते बरं केलंस. कॉलेजातली मुलगी म्हणते, 'आई, तू आत्याला टिप दिलीस.'

त्याच दिवशी शाळेपासूनच्या मैत्रिणीनं स्वतः रंगवलेलं गड्ड्याच्या यात्रेचं, म्हणजे सिद्धेश्वराच्या जानेवारीतल्या यात्रेचं, तीन फुटी चित्र दिलं (मिरवणुकीतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, सातऐवजी सहाच आहेत, असं पत्रात कंसात आहे) आणि भावाच्या आठ वर्षांच्या मुलानं शाडूचा हत्ती. घर सजवणाऱ्यानं भिंती मोकळ्या ठेवायला सांगितलंय. त्यामुळे कौदी डांबर गोळ्या घालून दिवाणात, चित्र कपाटामागे आणि हत्ती फ्रिजवर आहे. त्या विचारतात: माझं चुकलं का? बाईच्या कष्टाचं मोल करू नये का? या सगळ्या वस्तूंचं करायचं काय? आणि मला स्वतःला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही, तर मी परतफेड कशी करू?

उत्तर

ताई,

तुमच्या मुलीचं वाक्य वाचून आधी हसू आलं. शब्द बोचरा आहे, पण नेमका नाही. टिप खुशीची असते. तुम्ही चुकती केली ती मजुरी.

तरीही मी लगेच तुमच्या विरोधात उभी राहणार नाही, कारण तुमच्या मनात जे आलं ते वाईट नव्हतं. बायकांच्या हातची कामं फुकटात धरायची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. रुखवताचंच बघा. मावश्या, आत्या, चुलतबहिणी महिना-महिना बसून मण्यांची तोरणं, लोकरीची फुलं, सुपारीचे भटजी करतात. लग्नात लोक अर्धा तास टेबलाभोवती फिरून वाहवा करतात, आणि मग ते सगळं सासरच्या माळ्यावर जातं. करणारीला काय मिळतं? 'तुझ्या हाताला कला आहे हं!' तुम्ही रोज कारखान्यात मजुरीचे तक्ते बघता, म्हणून तुम्हाला दोरा, वेळ आणि रात्री ताणलेले डोळे यांची किंमत दिसली. ती दिसायलाच हवी होती.

पुढे जाण्याआधी एक शंका. आक्का रुसल्या आहेत, हे तुम्ही धरूनच चालला आहात. तुमच्या पत्रावरची तारीख जूनच्या मध्यातली आहे. गणवेश शिवणाऱ्या बाईला एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत मान वर करायला फुरसत नसते. आपल्याकडचे गणवेश काही नुसते सोलापूरच्या शाळांत जात नाहीत, राज्याबाहेरही जातात. माझ्या गल्लीत दोन घरांत ही मशीनं आहेत. मे महिन्यात रात्री एक-दीडपर्यंत खडखड चालू असते, आणि त्या दोघीही फोनवर 'हं' एवढंच म्हणतात, कारण फोन खांद्यात दाबलेला आणि कापड सुईखाली असतं. तेव्हा तुमच्या पंचेचाळीस दिवसांतले चाळीस तरी मी हंगामाच्या खात्यावर टाकते. उरलेले पाच पाकिटाचे असतील.

पण समजा आक्का मुळीच रुसल्या नसल्या, तरी तुम्ही हे पत्र लिहिलंच असतं, असं मला वाटतं. चार पानं नणंदेच्या 'हं'बद्दल कुणी लिहीत नाही.

आपलं गाव हाताला दर लावणारं गाव आहे. त्यात कमीपणा काही नाही. विडी हजारावर मोजायची, चादर नगावर, गणवेश पीसवर. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी मागावर आणि घरोघरच्या बायकांनी मांडीवरच्या सुपात विड्या वळून अख्खा पूर्व भाग उभा केला, तो या मोजणीवरच. विड्या द्यायला गेलं की जुड्या तपासल्या जातात, वाईट वाटतील त्या बाद होतात, उरलेल्यांचे पैसे. गणवेशाचंही तेच. माप दुसऱ्याचं, कापड दुसऱ्याचं, रंग शाळेचा, आणि कॉलर वाकडी गेली तर पीस परत. आक्कांचे हात दिवसभर कुणीतरी मोजत असतं.

त्या हातांनी रात्री बसून एक काम केलं, ज्याचं माप कुणी दिलं नव्हतं. कुठला तुकडा कुठं लावायचा, लाल शेजारी हिरवा घ्यायचा की पिवळा, टाका किती अंतरावर, हे सगळं त्यांचं त्यांनी ठरवलं. मुदत नाही, तपासणी नाही. वर्षभरात बिनदराचं असं हे एकच काम झालं असेल. आणि संध्याकाळी तुम्ही त्यालाही दर लावलात. तो कमी लावलात की जास्त, हा मुद्दा नाहीच. माझ्या मते तर तो चांगलाच लावलात! हिशेब चोख होता, वही चुकीची उघडली गेली.

'मग नणंदेला पैसे द्यायचेच नाहीत का?' असं तुम्ही विचारणार, मला माहीत आहे. द्या की! पैशानं नाती बाटतात वगैरे मी मानत नाही. हेच ३,००० तुमच्या यजमानांनी भाऊबीजेला ताटात घातले असते तर आक्का 'एवढे कशाला रे' म्हणाल्या असत्या आणि पदरात बांधले असते. नोटा त्याच. पण ओवाळणी ही ओवाळण्याची मजुरी नसते. निरांजनाचं तेल इतकं, उभं राहिल्याची पाच मिनिटं इतकी, असा तक्ता कुणी केला तर बहीण ताट तिथंच ठेवून घरी जाईल.

यजमान म्हणतात तशी आक्कांना खरंच गरज असेल, तर तिचं नाव घेऊन सोय करा. मुलाची फी असेल, मशीनची मोटर असेल, दवाखाना असेल. विचारून, सरळ. कौदीच्या आडून नको. आणि हे विचारायला यजमानांनी जावं. बहीण त्यांची आहे. आपल्याकडे नवऱ्याच्या नातेवाइकांशी जपून वागायचं खातं बायकोच्या नावावर कधी चढतं ते कळतही नाही. 'दिलंस ते बरं केलंस' म्हणून ते मोकळे झाले आणि अवघडलेपण तुमच्याकडे राहिलं.

आता परतफेडीचं. शेजारणीचा डबा रिकामा परत देऊ नये, हे तुम्हाला-मला आईनं शिकवलंय. पण त्यातली खरी मेख भरून देण्यात नाही, उशिरा देण्यात आहे. शेजारणीनं शेंगाचटणी दिली आणि तुम्ही उभ्या पायावर चटणी काढून, डबा विसळून, त्यात चार लाडू घालून तिच्या हातात दिलात, तर तिला काय वाटेल? ही बाई आपलं काही ठेवून घ्यायला तयार नाही. म्हणून आपण डबा चार दिवस ओट्यावर ठेवतो. त्या चार दिवसांत आपण तिचे देणेकरी असतो आणि तिला ते माहीत असतं. येता-जाता जिन्यात 'डबा राहिलाय हं तुमचा' म्हणायला दोघींनाही बरं वाटतं. तुम्ही कौदीचा डबा त्याच संध्याकाळी परत केलात. दुपारी दोनला घेतली, सातला फिटवली. देणं अंगावर घेऊन चार दिवस राहणं तुम्हाला जमलं नाही. रोज खातं जुळवूनच घरी जाणाऱ्या माणसाला ते जड जाणारच.

अशी पत्रं लिहिणारे बहुतेक लोक कंजूष नसतात, देण्यात हात सैल असलेले असतात. घ्यायची वेळ आली की मात्र कावरेबावरे होतात. 'अगं कशाला', 'एवढं कशाला केलंत', 'तुम्ही पण ना'. यातलं एकही वाक्य वस्तूबद्दल नाही. तुमच्या पत्रातही तसंच झालंय. हिशेबाच्या अकरा ओळी आहेत, मी मोजल्या. कौदी दिसते कशी, यावर एक ओळ आहे, आणि ती अशी: 'मध्यभागी माझ्या आईच्या इरकलीचा तुकडा आहे, मुलीनं नंतर दाखवला.'

नंतर.

मागच्या वर्षी आवराआवर करताना तुम्ही आक्कांना जुन्या साड्यांच्या दोन पिशव्या दिल्या होत्या, 'नको असतील तर बोहारणीला घाला' म्हणून. हेही तुम्हीच लिहिलंय, तिसऱ्या पानावर, भलत्याच संदर्भात. बोहारणीनं त्या इरकलीचं एक स्टीलचं पातेलं दिलं असतं. आक्कांनी पिशव्या उपसल्या, ती साडी तुमच्या आईच्या अंगावर पाहिलेली त्यांना आठवली, आणि ती बाजूला ठेवली. तुमच्या आईची साडी तुमच्या नणंदेनं ओळखली, ताई. टाके नंतरचे आहेत. खरी भेट आधी इथंच आली आणि पाकिटात याचे पैसे धरलेले नव्हते, कारण तुम्हाला हे तोवर दिसलंच नव्हतं.

आता एक काम करा. कौदी जमिनीवर पूर्ण पसरा, पलंगावर नको, पलंगावर कडा लोंबतात आणि नीट दिसत नाही. सकाळच्या उजेडात बसा. कौदी, वाकळ, गोधडी, नाव काहीही घ्या, सगळी जादू साध्या धावदोऱ्याची असते. जुन्या साड्यांचे थर एकावर एक, आणि कडेपासून टाक्यांच्या रांगा. मशीनवर रोज सरळ शिवणारा हात सुईनं शिवताना कुठं कुठं थोडा तिरका जातो. ते बघा. रात्री दमल्यावर टाका लांब होतो, ते दिसतं. दोऱ्याचा रंग मध्येच बदलला असेल, म्हणजे तिथं रीळ संपलं. इरकलीत लाल पदर अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. तो जोड आक्कांनी कापलाय की अख्खा ठेवलाय, हे मला कळवा. माझी पैज आहे, अख्खा ठेवला असेल. कुठंतरी गणवेशाच्या उरलेल्या कापडाची निळी-खाकी पट्टीही सापडेल, बहुधा कडेला, कारण ते कापड टिकाऊ असतं.

हे सगळं बघून झालं की आक्कांकडे जा. जुलै लागल्यावर, हंगाम ओसरल्यावर. फोनवर नको. कौदी जड असेल, तरी बरोबर न्या. पाकिटाचा विषय तुम्ही काढा आणि एकाच वाक्यात संपवा: 'आक्का, त्या दिवशी माझी घाई झाली.' त्या 'असू दे की' म्हणतील. तिथं थांबा. माझा हेतू असा होता, मला वाटलं की, असं सुरू केलंत तर दहा मिनिटांत त्याच तुमची समजूत घालत बसतील. पैसे परत देऊ लागल्या तर मुकाट्यानं घ्या, 'राहू दे, राहू दे' ची ओढाताण नको. नाही दिले तर उत्तमच, मोटर दुरुस्त झाली असेल. मग कौदी पसरा आणि बोट ठेवून विचारा, ही कुणाची? ही? आणि ही पिवळी? अर्ध्या तासात तुमच्या सासरच्या चार बायकांची गोष्ट निघेल. मुलीला न्या, ती फोनवर आवाज टिपून ठेवेल. निघताना आक्कांना म्हणा की एका कोपऱ्यात दोऱ्यानं तुमचं नाव आणि साल घाला. चित्रकार चित्राखाली सही करतो. कौदीवर सही केलेली बाई मी अजून पाहिलेली नाही. आक्का लाजतील, पण घालतील.

त्यांच्या कामाला खरोखर बाजारभाव मिळावा अशी तुमची इच्छा असेल तर त्याला वेगळी वाट आहे. ओळखीत कुणाला कौदी हवी असेल तर आक्कांना विचारा, दर त्यांनाच सांगू दे, निम्मे पैसे आधी द्या आणि घासाघीस करू देऊ नका. तिथं तुमची हिशेबाची वही उपयोगी पडेल. मात्र त्या नको म्हणाल्या तर तेही ऐका. हल्ली कुणी काही बरं केलं की लगेच 'तू विकत का नाहीस?' असं विचारायची साथ आलीय. दिवसभर पीसवर शिवणारीला रात्रीची सुईही पीसवर चालवायला सांगणं, मला नाही पटत.

आणि कौदी वापरा. सोलापुरात वापरायची कधी, हा प्रश्न रास्त आहे. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना तिच्याकडे बघूनही घाम येतो. पण कौदी पांघरायचीच असते असं नाही, अंथरायचीही असते. गच्चीत झोपायची सवय असेल तर सतरंजीवर टाका, पाठीला गार लागते. गड्ड्याच्या दिवसांतल्या थंडीत पांघरा. धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यानं लाल पदर चोळून बघा. फडक्याला रंग लागला तर घरी धुऊ नका, नुसती सावलीत वाऱ्यावर टाका. रंग पक्का असेल तर गार पाण्यात रिठ्याच्या फेसात बुडवून, न पिळता, आडव्या दोरीवर सावलीत. मशीनमध्ये घालू नका, जुन्या साडीचा धागा आतून तुटतो आणि ते धुतल्यावरच कळतं.

आता सहा नंदीध्वज.

मैत्रिणीला विचाराच, सातवी काठी कुठं गेली? माझ्या मते ती चौकटीच्या बाहेर, अजून मागच्या वळणावर असणार. चित्र तुम्हाला फारसं आवडलेलं नाही, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण ज्याला चित्र आवडतं तो काठ्या मोजत नाही. यात अपराधी वाटून घेऊ नका. अमेरिकेतल्या तीन संशोधकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी लोकांना कागदाच्या घड्या घालून बगळे आणि बेडूक करायला लावले. नवशिक्यांचे हात, त्यामुळे पक्षी वाकडेतिकडे. बाकीच्यांना त्यांत चुरगळलेल्या कागदापलीकडे काही दिसेना. करणाऱ्यांनी मात्र आपल्या बगळ्याला जवळपास उस्तादाच्या बगळ्याइतकी किंमत लावली, आणि इतरांनाही तो तितकाच आवडेल असं त्यांना मनापासून वाटत होतं. तुमची मैत्रीण त्या चित्रात जे बघते ते तुम्हाला दिसणार नाही. तिनं त्या पांढऱ्या बाराबंद्यांची गर्दी रंगवताना आठवडे घालवलेत, तुम्ही वास्तुशांतीच्या धांदलीत दोन मिनिटं. दोघी खऱ्या आहात.

म्हणून खोटं कौतुक नको. ते कळतं, आणि त्याच्या जोरावर पुढच्या वर्षी पाच फुटी चित्र येतं. खरोखर आवडलेली एक जागा शोधा. तळ्याच्या पाण्यातलं देवळाचं प्रतिबिंब असेल, गर्दीत बापाच्या खांद्यावर बसलेलं पोर असेल. तेवढंच सांगा. आणि घरात एक 'आळीपाळीचा खिळा' ठोका. सजवणाऱ्याला सांगा, बाकी सगळ्या भिंती तुझ्या, जेवणाच्या टेबलाजवळची हातभर जागा आमची. तिथं जानेवारीत गड्ड्याचं चित्र, मग दुसरं काही, पावसाळ्यात तिसरं. आपलं चित्र कायम लागलेलं असावं अशी अपेक्षा देणाऱ्याचीही नसते. ते एकदा तरी लागलेलं दिसावं, एवढी असते.

जागेचा सल्ला मी अनुभवानं देतेय. आमच्या शेजारी गिरणीतून निवृत्त झालेले एक काका होते. त्यांनी मला गिरणीच्या फाटकाचं चित्र काढून दिलं होतं, जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, नातवाच्या स्केचपेननं. फाटक, सायकलींची रांग, चिमणी, धूर. मला इतकं आवडलं की मी हौसेनं फ्रेम करून पश्चिमेच्या गॅलरीतल्या भिंतीला लावलं. चार उन्हाळ्यांत चिमणी फिकी पडली, धूर पार पुसला गेला, आणि फ्रेमवाल्यानं मागं लावलेल्या हार्डबोर्डनं कागद तपकिरी झाला. काका एकदा चहाला आले तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, 'धूर तेवढा गेला की ओ. गिरणीचाही गेलाच.' आणि बशीत चहा ओतला.

तेव्हा स्केचपेन आणि जलरंगाचं काहीही उन्हासमोर नको. फ्रेम करताना काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये जाड कागदाची चौकट घाला. पाठीला हार्डबोर्ड लावण्याआधी आम्लरहित कागद मागून घ्या, चांगल्या फ्रेमवाल्यांकडे मिळतो. मागच्या बाजूला पेन्सिलनं नाव, साल, प्रसंग लिहा. बॉलपेननं नको, शाई पुढे उमटते. आणि पहिल्याच दिवशी चांगल्या उजेडात फोटो काढून ठेवा. काकांच्या धुराचा माझ्याकडे एकही फोटो नाही.

हत्तीचं फार काही नाही. न भाजलेल्या शाडूचा असेल तर ओल्या फडक्यानं पुसू नका, सोंड हातात येईल. फ्रिजच्या कंपनानं सरकत सरकत तो एक दिवस खाली पडणार, तेव्हा तिथून काढून दाराजवळ किल्ल्यांपाशी ठेवा. भाचा घरात शिरताना पहिलं तिकडं बघेल, मग तुमच्याकडे.

ज्यांच्याकडे अशा वस्तूंचा पूर लोटतो, त्यांचं काय? बार्शीच्या एका वाचकांची भावजय टीव्ही, फ्रिज, मिक्सर आणि गॅस सिलिंडर या सगळ्यांना क्रोशाचे झगे करून देते. त्यांना मी सांगितलं तेच इथं सांगते: आधी सांगा. वस्तू हातात आल्यावर नको म्हणणं कठीण असतं, सुरू होण्याआधी सोपं. 'झगे पुरे झाले, आता मला एक टेबलावरचा रुमाल दे, आणि रंग मी सांगते.' करणाऱ्याला नकारापेक्षा मागणी आवडते. आणि घर खरंच भरलं तर घरातल्याच दुसऱ्या कुणाला द्या, पण देणाऱ्याला सांगून. एखादीनं शिवलेली दुलई तिलाच दुसऱ्याच्या दारात पायपुसणं झालेली दिसली, असं होऊ नये.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. सुईत दोरा ओवता येत नाही. मग नका ओवू. अपराधीपणातून क्रोशे शिकायला बसू नका, त्यातून जे निघेल ते आक्कांना फ्रिजवर ठेवावं लागेल. आक्कांनी कौदी दिली तेव्हा तुमच्याकडून कौदी यावी म्हणून दिली नव्हती. जाताना शेंगाचटणी न्या, तीही घरचीच हवी असं नाही. मी स्वतः बाजारातून घेऊन आपल्या डब्यात भरते, आणि 'घरची का?' असं कुणी विचारलं की पावसाचा विषय काढते. फक्त डबा तिथंच ठेवून या. तो परत आणायला आक्का येतील.

एक राहिलंच. कौदीतल्या डांबर गोळ्या आजच काढा. तो वास जायला दोन-तीन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकावी लागते, आणि जुलैमध्ये आपल्याकडे पाऊस नसला तरी आभाळ असतं. आक्कांसमोर घडी उलगडाल तेव्हा ती दिवाणात पडून होती, हे त्यांना नाकानं कळायला नको.